सहाच्या मोटरीला पंधराचा झगा

माझ्या मावशीला सगळे टेपमावशी म्हणतात. तिच्या अंगावर कधी दागिना दिसला नाही, पण गळ्यात टेप नाही असा दिवस मला आठवत नाही. कुणी दारातून आत आलं की ती आधी त्याचे खांदे बघते, मग छाती, आणि मग कुठे ‘या, बसा’ म्हणते. तरुणपणी तिला तीन स्थळं सांगून आली होती. एकाला तिने ‘खांद्यात उतरता’ म्हणून नाकारलं, दुसऱ्याला ‘बोलण्यात सैल’ म्हणून. तिसऱ्याने तिलाच नाकारलं, कारण चहाचा कप पुढे करता करता तिने त्याच्या आईला सांगितलं, की तुमच्या मुलाच्या कोटाची डावी बाही उजवीपेक्षा पाऊण इंच लांब आहे. त्यानंतर तिने तो नाद सोडला आणि धक्क्याकडे उतरणाऱ्या पायऱ्यांच्या तोंडाशी दोन खोल्या घेऊन शिवणाचं दुकान काढलं.

पुढच्या खोलीत दोन मशिनं, कापायचं लांब टेबल, इस्त्री आणि भिंतीवर खिळ्यांना टांगलेले, कापड बेतायचे कागदी नमुने. मागच्या खोलीत ती स्वतः आणि उरलेली सगळी गाठोडी. तिचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे पाण्यापलीकडचं इस्पितळ. तिथल्या चादरी, पडदे, ऑपरेशनचे झगे, सगळं तीच शिवायची. मी पोस्टात काउंटरवर असते. सुट्टीच्या दिवशी तिच्याकडे काजं-बटणं करायला जाते, म्हणून हे सगळं मला जवळून बघायला मिळालं.

पलीकडे जायला लाँच होती, पण ती दिवसातून दोनदाच. शिवाय लाँचवरच्या कारकुनाचं एक तत्त्वज्ञान होतं. गाठोड्यांना तिकीट नाही, म्हणून त्यांना आत जागाही नाही. एकदा त्याने मावशीची गाठोडी उघड्या डेकवर ठेवायला लावली, लाट आली, आणि चाळीस चादरी भिजल्या. इस्पितळाच्या मेट्रनबाईंनी त्या तशाच परत पाठवल्या. मावशीने दोन दिवस बसून त्या पुन्हा धुतल्या, वाळवल्या, इस्त्री केल्या. तिसऱ्या दिवशी गुडघे गेलेल्या एका म्हाताऱ्या सुताराकडून तिने त्याची होडी विकत घेतली.

होडी लाकडी, चौदा फुटी, गोल पोटाची. वल्ही मारून मावशीने सात-आठ महिने काढले. मग तिचा उजवा खांदा बोलायला लागला. डॉक्टर म्हणाले, “वल्ही नाहीतर कात्री. दोन्ही जमणार नाही.”

“कात्री माझं पोट भरते,” मावशी म्हणाली. “तेव्हा वल्ह्यांना मोटर बघते.”

मोटर हा शब्द तिने आमच्या घरी येऊन उच्चारला, ही तिची चूक. कारण घरी बाबा होते.

माझे बाबा पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले. तीस वर्षं पाण्याचे मीटर वाचलेल्या माणसाला पाण्यातलं सगळं कळतं, अशी त्यांची प्रामाणिक समजूत आहे. माणूस अगदी सरळ. कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही, पण कुणी सल्ला विचारायच्या आधी तो देऊन मोकळा. मेहुणीवर तर त्यांचा विशेष जीव. त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं आणि चष्मा कपाळावर चढवला.

“पंधरा घोडे,” ते अश्वशक्तीबद्दल म्हणाले. “पंधराच्या खाली बात नाही.”

“कशावरून, भावोजी?”

“अगं, पाणी म्हणजे काय चेष्टा आहे?”

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं मोटरींच्या दुकानात गेलो.

दुकान काचेचं, आत गारवा, आणि भिंतीलगत स्टँडवर मोटरी ओळीने लटकवलेल्या. टाय लावलेला मालक हात चोळत पुढे आला. “स्पीड किती हवा, मॅडम?”

मावशी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, “चांगला!”

“मला चादरी पोचवायच्यात,” मावशी म्हणाली. “पळवून न्यायच्या नाहीत.”

मालकाने तिला त्या ओळीतल्या सगळ्यात धष्टपुष्ट मोटरीपुढे नेऊन उभं केलं. काळी कुळकुळीत, वर चंदेरी अक्षरात पंधरा. बाबांनी तिच्या डोक्यावरून असा हात फिरवला जसा पहिल्या नातवाच्या डोक्यावरून फिरवावा. मावशीने गळ्यातला टेप काढला, वाकली, आणि मोटरीचा पाण्यात जाणारा दांडा वरपासून खालपर्यंत मोजला. मग ब्लाउजातून एक चिठ्ठी काढून वाचली.

“माझ्या होडीची मागची फळी साडेपंधरा इंच उंच आहे. हा दांडा वीसच्या फळीसाठी आहे. म्हणजे पायजमा साडेचार इंच लांब झाला. काठाजवळ चिखलात लोळेल.”

मालकाने पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघितलं. “आखूड दांड्याची मागवता येईल.”

“येईल ना. उचलून बघू का?”

“मॅडम, ही उचलायची नसते, बसवायची असते.”

“धक्क्यावर सोडून आले तर सकाळी राहील का? रोज वर आणायची, रोज खाली न्यायची. पायऱ्या बावीस आहेत.”

बाबांनी बाह्या सरसावल्या. दुकानातल्या एका कामगाराने एका बाजूने धरली, बाबांनी दुसऱ्या बाजूने. मोटर स्टँडवरून चार बोटं वर आली, तिथे क्षणभर थांबली, आणि पुन्हा होती तिथे बसली. बाबा मात्र होते तसे राहिले नाहीत. ते किंचित तिरके झाले होते.

“फार जड नाही,” ते दातांमधून म्हणाले.

“नाकापेक्षा मोती जड,” मावशी म्हणाली आणि मालकाला नमस्कार करून बाहेर पडली.

बाबा चार दिवस पाठीला गरम पाण्याची पिशवी लावून झोपले. पण पाठ मोडली तरी जीभ शाबूत होती. भेटायला येईल त्याला ते सांगत होते, “आमच्या मेहुणीची पंधराची ठरली. मीच निवडून दिली. फक्त आखूड दांड्याची यायची आहे.” पाचव्या दिवशी धक्क्यावरच्या मासे निवडणाऱ्या बायकासुद्धा मावशीला विचारायला लागल्या, “मावशी, पंधरा कधी येतेय?”

मावशी इकडे निराळ्याच वाटेला लागली होती. धक्क्याच्या टोकाला पत्र्याच्या शेडमध्ये एक मिस्त्री मोटरी दुरुस्त करतो. तो फार बोलत नाही. काहीही विचारलं तर ‘हं’ म्हणतो, म्हणून त्याला सगळे हं-मिस्त्री म्हणतात. त्याचा ‘हं’ ऐकून हो की नाही हे ओळखायला वर्ष जातं. मावशीने ते एका दुपारात साधलं. मी तिच्यासोबत होते.

“होडी?” त्याने विचारलं.

“चौदा फूट. पोटाशी पाच. खालून गोल, टोपलीसारखी.”

“माल?”

“सहा गाठोडी, एकेक पंचवीस किलोचं. आणि मी. मी किती ते विचारू नका.”

मिस्त्रीने हातातला पाना खाली ठेवला. पुढे तो जे बोलला ते बहुधा त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात लांबलचक बोलणं असावं. “गोल पोटाची होडी पाणी बाजूला सारत जाते. पाण्यावर चढून पळत नाही. तिला सहा लावा की पंधरा, ती आपल्याच चालीने जाणार. पंधरा लावली तर लाटा मोठ्या उठतील, पेट्रोल जाईल, आणि मागची बाजू खाली बसेल. हं.”

कोपऱ्यात त्याने स्वतः उघडून नीट केलेली एक जुनी सहाची होती. रंग उडालेला, पण आखूड दांड्याची. मावशीने ती दोन्ही हातांनी पोटाशी धरून उचलली आणि तिचा चेहरा उजळला. “अगं बाई, ही तर एका गाठोड्याएवढी!”

आता राहिला पंखा. म्हणजे पाण्यात फिरतो तो, प्रोपेलर. मिस्त्रीने बाकावर दोन पंखे ठेवले. दिसायला जुळी भावंडं.

“हा आठचा, हा सहाचा. हा एका फेऱ्यात आठ इंच पुढे जायचं बघतो. हा सहा.”

मावशीने दोन्ही हातात घेऊन पाती निरखली. “म्हणजे टाका!”

“हं?”

“टाक्याची लांबी. सुई एकदा खालीवर झाली की कापड किती पुढे सरकतं ती.”

“हं!” मिस्त्री खूष झाला. “अगदी तेच.”

“मग आठचा द्या. जाड कापडाला आम्ही टाका लांबच घेतो, आणि माझी होडी चांगली जाड आहे.”

मिस्त्रीचा चेहरा पडला. पान्याच्या टोकाने त्याने डोकं खाजवलं. मग तो म्हणाला, “डोक्यावर गाठोडं घेऊन त्या बावीस पायऱ्या चढता तेव्हा ढांगा टाकता का?”

“छे! एकेक पायरी. छोटी पावलं.”

“हं,” मिस्त्री म्हणाला, आणि सहाचा पंखा तिच्याकडे सरकवला.

“पटलं,” मावशी म्हणाली. “पण दोन्ही द्या. ट्रायल घेतल्याशिवाय मी बाहीसुद्धा जोडत नाही.”

रविवारी आम्ही ट्रायल घेतली, भल्या सकाळी, धक्का जागा व्हायच्या आत. होडीत खरी सहा गाठोडी, मावशी मोटरीपाशी, मी मधल्या फळीवर घड्याळ आणि मिस्त्रीने दिलेलं, मोटरीचे फेरे दाखवणारं यंत्र घेऊन. आधी आठचा पंखा लावला. मोटर घुरघुरत राहिली, जिना चढताना दम लागलेल्या माणसासारखी. वेगाची मूठ पूर्ण पिळली तरी काटा मिनिटाला बेचाळीसशेच्या पुढे जाईना. मिस्त्रीने सांगितलं होतं, पाच हजार ओलांडले पाहिजेत. पलीकडे पोचायला एकवीस मिनिटं लागली. परत येऊन सहाचा लावला. या खेपेला मोटरीचा गळा मोकळा झाला, काटा बावन्नशेवर गेला आणि आम्ही अठरा मिनिटांत पैलकाठाला टेकलो. लहान पावलांनी तीन मिनिटं आधी! मावशी इतकी हरखली की तिने मोटरीलाच शाबासकी दिली आणि हात भाजून घेतला.

मी म्हटलं, “पण येताना होडी रिकामी असेल, तेव्हा आठचा बरा पडेल.”

“येताना मला घाई कसली?” ती म्हणाली.

मोटर झाली, पंखा झाला. राहिले बाबा.

“आता यांना तू सांग,” आईने हात झटकले. “गावभर पंधराची दवंडी पिटून बसलेत. सहाची म्हणालीस तर तुला काही बोलणार नाहीत, मला मात्र महिनाभर सुस्कारे ऐकावे लागतील.”

मावशी सुपारी कातरल्यासारखी नुसती हसली. “ताई, माझा धंदा काय? बारीक माणसाला भरदार करून दाखवायचा. कोट शिवताना मी दुसरं काय करते?”

तिने दोन दिवसांत मोटरीला कव्हर शिवलं. राखाडी ताडपत्रीचं कापड, दोन्ही बाजूंना चार-चार बोटं जाड कापसाचे थर, वरच्या कडेला कोटाच्या खांद्यात घालतात तसल्या गाद्या, आणि समोर पाच मोठी बटणं. दोन्ही बाजूंना लाल रेशमी दोऱ्याने भरलेले ठसठशीत आकडे, १५. मिस्त्रीने ते बघितलं, मोटरीभोवती एक चक्कर मारली, आणि फक्त ‘हवा’ एवढंच म्हणाला. मोटरीला श्वास घ्यायला जागा हवी, नाहीतर तापून बसेल. मावशीने खालून आणि मागून मोठी तोंडं ठेवली, त्यांना जाळी लावली, आणि दोरी ओढायला एक चीर. मिस्त्रीने अर्धा तास मोटर चालवून हात लावून बघितलं. “हं,” तो म्हणाला. हा हो होता.

बाबा धक्क्यावर आले तेव्हा होडीच्या मागे एक भारदस्त, रुंद खांद्यांची मोटर बसलेली होती. त्यांचे डोळे भरून आले.

“बघ! रुबाब बघ! हिच्यापुढे सहाची म्हणजे खेळणं.” ते कव्हराच्या बटणाला हात घालायला गेले. “जरा आतून बघू दे.”

“कव्हर काढलं तर गॅरंटी जाते, भावोजी.”

गॅरंटी हा शब्द ऐकला की बाबा हात मागे घेतात. ते होडीत बसले. मावशीने दोरी ओढली, होडी निघाली, आणि बाबा सगळ्या धक्क्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “कळतंय का? पाठीला कळतंय! हा पंधराचा रेटा आहे!” मिस्त्री धक्क्यावर उभा होता. तो घाईघाईने शेडमध्ये गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

तीन महिने आमची चैन झाली. मावशी वेळेवर माल पोचवत होती, बाबा धक्क्यावर बसून पंधराचे पोवाडे गात होते, आणि घरी जेवताना ते पंधरा म्हणाले की आई, मी आणि मावशी ताटात बघत होतो. एकदा आईला ठसका लागला तेव्हा बाबांनीच उठून तिला पाणी दिलं. बिचारे.

मग फोटोवाल्याचं प्रकरण झालं. हा बाबांचा मित्र. लग्नाचे, पासपोर्टचे फोटो काढायचा स्टुडिओ आहे त्याचा, पण खरा जीव पक्ष्यांवर. वेतासारख्या उंच गवतात शिरून पक्ष्यांचे फोटो काढायला त्याच्याकडे एक बारा फुटी, चिंचोळी, हलकी होडी होती. बाबांनी त्याला मावशीची मोटर दुरून दाखवली, रेटा समजावला, आणि हाताला धरून काचेच्या दुकानात नेलं. त्याने खरीखुरी पंधराची घेतली.

पहिल्याच दिवशी त्याने मूठ पिळली आणि होडीचं नाक आभाळाकडे गेलं. घाबरून त्याने मूठ एकदम सोडली. होडी थबकली, पण मागून येणारी तिचीच लाट थबकली नाही. ती बुटक्या मागच्या फळीवरून आत आली, आणि त्या जड मोटरीसकट होडी बुडाकडून खाली बसली. सुदैवाने पाणी कमरेएवढंच होतं. फोटोवाला कॅमेरा दोन्ही हातांनी डोक्यावर धरून गवतात पाऊण तास उभा राहिला, लाँच येईपर्यंत. लाँचवरच्या कारकुनाने त्याला आधी तिकीट विचारलं म्हणे.

सगळा धक्का हसला. मावशी हसली नाही. त्या दिवशी ती मशीनवर बसली आणि सुईत दोरा ओवायला तिला तीन खेपा लागल्या.

“त्याला पोहता येत नाही,” ती म्हणाली. “पाणी गळ्याएवढं असतं तर?”

“तू कुठे सांगितलंस त्याला पंधरा घे म्हणून?” मी म्हटलं.

“तोंडाने नाही सांगितलं. दोऱ्याने सांगितलं.” तिने मशीनवर झाकण घातलं. “उद्या दुपारी भावोजींना बोलावते आणि सांगते.”

पण त्या दुपारी बाबांच्या आधी धक्क्यावर निरीक्षक बाई आल्या. होडी बुडाल्याची खबर जलवाहतूक कचेरीत गेली होती. दहा घोड्यांच्या वरची मोटर चालवायची तर परीक्षा देऊन दाखला घ्यावा लागतो, आणि फोटोवाल्याकडे तो नव्हता. त्याची कानउघाडणी करून झाल्यावर बाईंनी वही काखोटीला मारली आणि आणखी कुणाकडे मोठी मोटर आहे हे बघत निघाल्या. मावशीच्या होडीपाशी त्या थांबल्या. लाल रेशमातले पंधरा उन्हात झळकत होते.

“ही कुणाची?”

“आमची!” बाबा गर्दीतून पुढे आले. “पंधराची आहे. मीच निवडली.”

“दाखला?”

“दाखल्याचं काय, देऊ की परीक्षा. लिहा तुम्ही, पंधरा.”

“लिहू नका,” मावशी म्हणाली.

“अगं, घाबरतेस काय? मी आहे ना!”

“भावोजी, तुम्ही जरा गप्प बसा. बाई, लिहू नका.”

ती होडीत उतरली. सगळा धक्का बघत होता. तिने पहिलं बटण काढलं, मग दुसरं. पाचव्या बटणानंतर कव्हर सोललं, तेव्हा आधी खांद्याच्या दोन गाद्या बाहेर पडल्या, मग कापसाचे थर, आणि शेवटी, आंघोळ घातलेल्या मांजरासारखी, आमची रंग उडालेली सहाची.

कुणीतरी फिसकन हसलं आणि मग सगळ्यांनाच आवरेना. निरीक्षक बाईंनी तोंडापुढे वही धरली. वही हलत होती.

“हे कशासाठी?” त्यांनी शेवटी विचारलं.

मावशीने बाबांकडे बघितलं. बाबा खाली पडलेल्या एका गादीकडे बघत होते. खरं सांगितलं असतं तर ते तिथल्या तिथे वितळले असते.

“तिला थंडी वाजायची,” मावशी म्हणाली.

बाईंनी वहीत लिहिलं. मी खांद्यावरून वाचलं, ‘मोटर सहा. दाखल्याची गरज नाही. कव्हर मोठे.’

गर्दीत एकटा फोटोवाला हसत नव्हता. त्याच्या पायातले बूट अजून ओले होते. “म्हणजे मी पंधरा घेतली ती...”

“चूक माझी,” मावशी म्हणाली. “थट्टा मी केली, आणि पाणी तुमच्या बुटात गेलं. मी भरून देईन.”

“चूक माझी आहे,” बाबा हळूच म्हणाले, आणि घरी निघून गेले.

चार दिवस बाबा बोलले नाहीत. एकच वर्तमानपत्र घेऊन बसायचे. मावशी रोज संध्याकाळी यायची, दारात उभी राहायची, ‘भावोजी’ म्हणायची, आणि पान उलटल्याचा आवाज ऐकून परत जायची. तिसऱ्या दिवशी ती पायरीवर बसून रडली. “मी त्यांचं हसं करायला शिवलं नव्हतं गं. त्यांचं मन राखायला शिवलं होतं.” आईने तिला सांगितलं की दोन्ही एकाच कापडातून निघालं, आणि तिला चहा दिला.

पाचव्या दिवशी सकाळी बाबा घरात नव्हते. आम्ही शोधत धक्क्यावर गेलो तर ते हं-मिस्त्रीच्या शेडमध्ये बाकावर बसलेले, हातात वही, आणि मिस्त्री जमिनीवर खडूने होड्यांची पोटं काढून दाखवत होता. बाबा मान वर न करता म्हणाले, “मेहुणीबाई, सहा घोडे आणि पंखा सहाचा, होय ना? मग सांग, फोटोवाल्याची होडी किती किलोची असेल?”

मावशीने पदराने नाक पुसलं. “नजरेने सांगू की मोजून?”

“मोजून,” बाबा म्हणाले. “नजरेचं आता पुरे.”

दोघं गेले, फोटोवाल्याची होडी मोजली, तोलली, आणि तिघं मिळून काचेच्या दुकानात थडकले. मालक म्हणाला, पाण्यात गेलेली मोटर परत घेत नाही. बाबांनी त्याला शांतपणे विचारलं की बारा फुटी होडीची मागची फळी न बघता तिला पंधरा कशी विकली, आणि त्याला ते चार तऱ्हांनी विचारलं, कारण तीस वर्षं तक्रारी ऐकलेल्या माणसाला तक्रार करताही येते. मालक तरी बधेना. तेव्हा मावशी म्हणाली, “ठीक आहे. माझ्याकडे एक कव्हर रिकामं पडलंय. ते मी तुमच्या दारासमोर काठीला घालून ठेवते. कुणी विचारलं की गोष्ट सांगते. मला वेळच वेळ आहे.” ती गोष्ट एव्हाना अर्ध्या गावाला माहीत होती, पण उरलेलं अर्धं गाव मालकाचं गिऱ्हाईक होतं. त्याने मोटर ठेवून घेतली आणि फोटोवाल्याला चारची दिली, वर एक पोहायचं जाकीट.

त्यानंतर बाबा दर मंगळवारी मावशीसोबत पलीकडे जायला लागले. मोटरीपाशी बसायचे ते. मूठ पिळायच्या आधी फेऱ्यांचा काटा बघायचे, आणि धक्क्यावर कुणी मोटरीचं नाव काढलं तर त्याला आधी विचारायचे, “फळी किती इंच?” कव्हरातल्या कापसाची मावशीने त्यांच्या पाठीसाठी उशी करून दिली.

अशाच एका मंगळवारी मी रजा काढून सोबत गेले होते. अर्ध्या वाटेत खालून खट्ट झालं. मोटर सुरू, आवाज चांगला, पण होडी जागची हलेना. पाण्यात तरंगणारा ओंडका पंख्याला लागला होता. मावशी वल्ही काढायला उठली.

“थांब,” बाबा म्हणाले. “पिन तुटली असणार. ती तुटण्यासाठीच असते. पंखा अडला की आधी तिने मोडायचं, म्हणजे आतले दाते वाचतात.” त्यांनी मोटर बंद केली, ती उचलून आडवी केली, आणि स्वतः मागच्या फळीवरून पाण्यावर ओणवे झाले. मावशीने दोन्ही हातांनी त्यांचा पट्टा धरला. मी मावशीला धरलं. पंधरा मिनिटं आम्ही बाबांच्या पाठीकडे बघत होतो. मधूनच ‘पक्कड’ असा आवाज यायचा. एकदा ‘आई गं’ असाही आला. चष्मा पाण्यात पडता पडता वाचला. मग ते वर आले, कोपरापर्यंत भिजलेले, बोटाला ग्रीस आणि रक्त, आणि तळहातावर मोडक्या पिनेचे दोन तुकडे. त्यांनी ते रुमालात बांधून खिशात ठेवले. दोरी मावशीला ओढू दिली नाही. दुसऱ्या हिसक्याला मोटर लागली, आणि होडी निघाली.

इस्पितळात पोचलो तेव्हा अर्धा तास उशीर झाला होता. मेट्रनबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी घड्याळाकडे बघितलं, मग बाबांच्या ओल्या बाह्यांकडे. “काय झालं?”

बाबांनी सावकाश खिशातून रुमाल काढला. “त्याचं असं आहे बाई,” ते म्हणाले, “की मुळात तुम्हाला पंखा म्हणजे काय ते माहीत हवं.”

मेट्रनबाईंनी आधारासाठी मावशीकडे बघितलं. मावशीने माझा दंड धरला आणि मला आत ओढलं. “चल, तोवर आपण चादरी मोजून घेऊ,” ती कुजबुजली. “चाळीस मोजून होतील तोवर ते ओंडक्यापर्यंत पोचतील.”